चारी बाजूंनी पाणी

परभणीत काल किती पाऊस पडला, हे गेली एकोणतीस वर्षं सगळ्यात आधी मला कळतं. आमच्या संशोधन केंद्राच्या आवारात तारेच्या कुंपणात एक पांढरी जाळीदार पेटी आणि एक पत्र्याचं नळकांडं दिसतं, ते माझं साम्राज्य. रोज सकाळी साडेआठला मी नळकांड्यातलं पाणी मोजपात्रात ओततो, एक डोळा बारीक करून मिलिमीटर वाचतो आणि रजिस्टरात लिहितो. हुद्दा, निरीक्षक. पुढे पाऊस पडेल की नाही हे सांगणं माझ्या कामात बसत नाही, पण कॉलनीतली माणसं विचारतात आणि विचारल्यावर गप्प बसणं माझ्या स्वभावात बसत नाही. मी "आज कोरडं जाईल" म्हटलं की समोरचे किराणा दुकानदार शिवाप्पा उठून बाहेरच्या पोत्यांवर ताडपत्री टाकतात. हा त्यांचा आणि ताडपत्रीचा प्रश्न आहे, असं मी मानतो.

हे सगळं अशासाठी सांगितलं, की माझी बायको सुकेशनी जेव्हा "मला बेटावर जायचंय" म्हणाली, तेव्हा कुठं जायचं हे तिनं ठरवावं आणि कधी जायचं हे मी ठरवावं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

सुकेशनी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला भूगोल शिकवते. येत्या एकतीस मेला ती निवृत्त होणार. तिची जन्मतारीख एक जून. माझीही एक जून. आमच्या पिढीतली निम्मी परभणी एक जूनलाच जन्मलेली आहे, कारण शाळेत नाव घालताना आईबापाला तारीख सांगता यायची नाही आणि गुरुजींना दुसरी तारीख सुचायची नाही. असो. तर जून महिन्यात शाळा उघडली त्या दिवशी ती घरी आली, पर्स खुर्चीला अडकवली आणि चहा न मागता समोर बसली. चहा न मागता ती बसली म्हणजे गोष्ट गंभीर असते.

"हे माझं शेवटचं वर्ष आहे," ती म्हणाली. "दिवाळीच्या सुट्टीनंतर बेटाचा धडा येतो. त्याच्या आधी मला बेटावर जाऊन यायचंय."

"एकदम बेट कुठून निघालं?"

मग तिनं जे सांगितलं ते सव्वीस वर्षं एका घरात राहूनही मला माहीत नव्हतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी ती बेटाचा धडा शिकवत होती. मागच्या बाकावर तपासणीला आलेले साहेब वही घेऊन बसलेले. तेवढ्यात एक पोरगी उठली आणि म्हणाली, "बाई, तुमी गेलाव का बेटावर?" साहेबांनी पेन थांबवून वर पाहिलं. सुकेशनी घाबरून म्हणाली, "हो तर! गेले की." आता गेली म्हटल्यावर तिथं काय पाहिलं तेही सांगावं लागलं. नारळाची झाडं सांगितली, लाटा सांगितल्या, आणि पोरांचं लक्ष लागावं म्हणून एक खेकडाही सांगितला. तो म्हणे तिच्या पायाच्या अंगठ्याला चावला. पुढच्या वर्षी त्या पोरीचा धाकटा भाऊ सहावीत आला आणि त्यानं धड्याच्या आधीच खेकड्याची चौकशी केली. तिथून पुढं खेकडा दरवर्षी वाढत गेला. आता तो ताटाएवढा झाला होता आणि आजूबाजूच्या तीन गावांना माहीत होता.

"सव्वीस वर्षं मी खोटं बोलायले," ती म्हणाली. "पौर्णिमेला विहारात आपण पंचशील म्हणतो ना, चौथं शील आलं की माझ्या तोंडातून आवाजच निघत नाही."

चौथं शील म्हणजे खोटं न बोलण्याचं. मी इतकी वर्षं तिच्या शेजारी हात जोडून बसत आलो. ती तिथं थांबते हे माझ्या लक्षात आलं होतं, पण मला वाटायचं, ती जरा श्वास घेते. मला फार वाईट वाटलं. आपल्या बायकोच्या मनाला एवढी मोठी टोचणी असावी आणि आपण मिलिमीटरचा दहावा भाग मोजत बसावं!

"जाऊ," मी म्हणालो. "अंदमानला जाऊ."

"कधीबी चला. पाऊस असला तर छत्री घेऊ."

इथं माझा स्वाभिमान दुखावला. एकोणतीस वर्षांच्या निरीक्षकाची बायको उष्ण कटिबंधातल्या बेटावर छत्री घेऊन फिरली, हे लोकांना कळलं तर माझ्या नोकरीला काय अर्थ राहिला? मी म्हणालो, "वर्षातला सर्वोत्तम काळ कोणता, हे शास्त्रानं ठरवू." आणि दुसऱ्याच दिवशी हॉलच्या भिंतीवर आलेख कागदाचा तक्ता लावला. आडवे बारा महिने. उभे रकाने पाऊस, वारा, दमटपणा, वादळ आणि इतर. हिरवी पेन्सिल म्हणजे जावं, लाल म्हणजे जाऊ नये. तक्ता इतका देखणा झाला की सुकेशनीनंही दोन मिनिटं उभं राहून पाहिला आणि मग म्हणाली, "तिकिटं कधी काढता?"

शास्त्राप्रमाणे सर्वोत्तम काळ निघाला फेब्रुवारी. मी तिला सुचवलं, की बेटाचा धडा मार्चमध्ये घेतला तर सगळं बिनबोभाट जमतं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला जून महिना जानेवारीच्या आधी शिकवायला सांगतोय. मग जुलै ते नोव्हेंबर एवढेच महिने उरले आणि त्यांवर कॉलनीचं लक्ष गेलं.

पहिले आले शिवाप्पा. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, हातात आमच्याच घरची चहाची कपबशी. त्यांनी तक्ता खालून वर वाचला. "सुगतराव, हे काय करायलाव?" मी समजावलं. ते म्हणाले, "जुलैचं नाव काढू नका. माझ्या साडूचा मेव्हणा जुलैत गेला होता. आठ दिवस खोलीत बसून पत्ते खेळला आणि परत आला. तेच पत्ते इथं कट्ट्यावर खेळला असता तर आमाला चौथा गडी भेटला असता." मी जुलै लाल केला. आमच्या मागच्या गल्लीतल्या कस्तुराबाई महिला मंडळाबरोबर एकदा अंदमानला जाऊन आलेल्या. त्यांना तर त्या बेटांची मालकीण असल्यासारखं वाटतं. त्या म्हणाल्या, "ऑगस्टात बोट हलती. मी मुंबईची साडी नेसून चढले आणि उतरले तेव्हा साडीकडं बघवत नव्हतं." ऑगस्ट लाल झाला. पुढं कोणी ना कोणी येऊन आपल्या हातानंच पेन्सिल चालवू लागलं. एकानं 'इतर' या रकान्यात 'पोळा' लिहून ठेवलं. एका गृहस्थानं तर फेब्रुवारीच लाल केला, का तर त्यांच्या मुलीचं लग्न फेब्रुवारीत होतं आणि आम्ही नसलो तर पंगतीला वाढायला कोण! तक्ता आता आमचा राहिला नव्हता. दूध घालायला येणारी बाईसुद्धा आत डोकावून "लाल वाढलंय की वो" म्हणून जायची.

सप्टेंबर मात्र मी स्वतःच्या हातानं लाल केला. त्या सप्टेंबरात परभणीवर आभाळ फाटलं. एका सकाळी माझं पत्र्याचं नळकांडं काठोकाठ भरून वाहत होतं. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा मला रजिस्टरात 'मोजता आले नाही' असं लिहावं लागलं. येलदरी धरणाचे दरवाजे उघडले, पूर्णा नदी शेताशिवारात शिरली, आणि मी गुडघाभर पाण्यातून वेधशाळेत जाऊन लाल पेन्सिलीला टोक करून आलो. 'बेटासाठी अत्यंत अयोग्य' असं मी सप्टेंबरच्या चौकोनात लिहिलं. हे वाक्य लक्षात ठेवावं, कारण मला ते पुढं गिळावं लागलं.

ऑक्टोबरचा पहिला भाग धम्मचक्र प्रवर्तन दिनात गेला. तेव्हा उरली फक्त दिवाळीची सुट्टी. शास्त्रानं नव्हे, उरलंसुरलं म्हणून ती हिरवी झाली. पण मी कॉलनीत सांगताना "सर्व बाबींचा विचार करता" असे शब्द वापरले.

आता रजा. मुख्यालय सोडण्याच्या परवानगीचा अर्ज आमच्या आस्थापना शाखेत बालाजी नावाचा लिपिक बघतो. माणूस सज्जन, पण रकाना कोरा दिसला की त्याला जेवण जात नाही. अर्जातला सातवा रकाना होता, 'गंतव्य स्थानाचे नजीकचे रेल्वे स्थानक', आणि आठवा, 'स्थानकापासूनचे अंतर (रस्त्याने)'.

"चेन्नई लिही," मी म्हणालो.

"आणि तिथून रस्त्यानं किती?"

"अरे, मधे समुद्र आहे. रस्ता नाही."

"मला समजायलंय सर. पण रकान्याला कसं समजावू?"

आम्ही दोघांनी बराच विचार केला. शेवटी बालाजीनं सरकारी कागदावर अडचण आली की जो शब्द कामी येतो तो लिहिला, 'निरंक', म्हणजे काही नाही. अर्ज वर गेला आणि तीन दिवसांनी शेऱ्यासकट खाली आला. 'अंतर निरंक असल्यास सदर बेट मुख्यालयातच येते. परवानगीची आवश्यकता काय? खुलासा करावा.' मी दोन पानी खुलासा लिहिला. त्यात पृथ्वीवर जमीन आणि पाणी यांची विभागणी कशी झाली आहे इथपासून सुरुवात केली होती. परवानगी मिळाली. साहेबांनी खाली एवढंच लिहिलं होतं, 'पाहिले. परत आल्यावर रुजू अहवाल द्यावा.'

निघायच्या दिवशी सकाळी कॉलनीच्या फाटकापाशी माणसं जमली. मी निळ्या फुलांचा शर्ट घातला होता. डोक्याला गवताची टोपी, बॅगेत गुडघ्यापर्यंतची चड्डी, जी मी आयुष्यात पहिल्यांदा विकत घेतली होती. कस्तुराबाईंनी आम्हाला हार घातले आणि उलटीसाठी आवळासुपारी दिली. शिवाप्पांनी एक रिकामी प्लॅस्टिकची बाटली माझ्या हातात ठेवली. "सुगतराव, एवढं काम करा. समुद्राचं पाणी आणा. माझ्या पायाला दोन वर्षं झाली खाज हाय. खाऱ्या पाण्यानं जाती म्हणतेत." मग ते आभाळाकडे बघून म्हणाले, "हवा कशी राहील तिकडं?"

"एकदम कोरडी," मी म्हणालो.

शिवाप्पांनी सुकेशनीच्या पिशवीत आपली छत्री हळूच खुपसली. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

बेत असा होता, की परभणीहून रेल्वेनं हैदराबाद आणि तिथून विमान. स्टेशनावर आम्ही गाडीच्या वेळेच्या दीड तास आधी पोचलो. हार गळ्यातच होते. सुकेशनी बाकावर बसून भूगोलाचं पुस्तक चाळत होती, आणि मी तिला दमट वारे आणि कोरडे वारे यांतला फरक सांगत होतो. तेवढ्यात फोन वाजला. संदेश आला होता. बंगालच्या उपसागरात वादळ झाल्यामुळे विमान रद्द. पुढचं विमान पाच दिवसांनी.

आमचं परतीचं तिकीट सहाव्या दिवसाचं होतं.

मी फोन तिच्याकडे दिला. तिनं त्या दोन ओळी दोनदा वाचल्या. नंतर तिनं पुस्तक मिटलं, पिशवीत ठेवलं, शिवाप्पांची छत्री बाहेर काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. जूनमध्ये तिनं म्हटलं होतं, "कधीबी चला." जूनमध्ये निघालो असतो तर भिजलो असतो, पण बेटावर भिजलो असतो. हिरव्या आणि लाल पेन्सिलीच्या नादात मी तिचं शेवटचं वर्ष घालवलं होतं. मला रडू यायला लागलं आणि फुलांच्या शर्टात रडणं किती वाईट दिसतं याची जाणीवही झाली.

"घरी जाऊ," ती म्हणाली.

घरी! गळ्यात हार घालून निघालेल्या माणसानं अडीच तासांत त्याच फाटकातून आत यायचं? शिवाप्पांनी "हवा कोरडी हाय का?" विचारायचं? मी म्हणालो, "मला चार दिवस कुठंतरी लपव. कुठंही." तिनं जरा विचार केला. मग आम्ही हार काढून पिशवीत टाकले, एसटी स्टँडवर गेलो आणि जिंतूरची गाडी पकडली. तिथून येलदरी. येलदरी म्हणजे तिचं माहेर. तिचा भाऊ सिद्धोधन धरणात मासेमारी करतो आणि आई पंचफुलाबाई त्याच्याकडे असतात. मी एसटीतून उतरलो तेव्हा सासूबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. त्यांनी टोपीपासून खाली पाहत यायला सुरुवात केली आणि शर्टावर येऊन थांबल्या.

"जावईबापू, ह्ये काय सोंग घातलंय?"

"अंदमानला निघालो होतो," मी म्हणालो.

"मग वाट चुकलाव का?"

सुकेशनीनं सगळं सांगितलं. सासूबाईंनी लसणाची पाकळी बोटात धरून ऐकलं. त्यांना अंदमान कुठं आहे हे कळलं नाही, पण लेकीचं तोंड उतरलंय हे कळलं. तिचं मन दुसरीकडे वळवावं म्हणून त्या गावच्या गोष्टी सांगू लागल्या. कोणाचा बैल गेला, कोणाच्या घरी पाळणा हलला. मग म्हणाल्या, "औंदा पाणी लय आलं माय. असं पाणी म्या हितं येऊन पन्नास वर्सांत बघितलं न्हाई. शेळकीच्या टेकडीची ती वाट हाय ना, ती बी बुडाली. टेकडीला चारी अंगांनी पाणी हाय. शिद्धूला होडी घालून शेळ्या आणाव्या लागल्या."

सुकेशनीनं चहाचा कप खाली ठेवला. "आई, काय म्हणालीस?"

"शेळ्या आणाव्या लागल्या."

"त्याच्या आधी."

"चारी अंगांनी पाणी हाय."

ती उठून उभीच राहिली. मला कळेना काय झालं. मग तिनं मला समजावून सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज वर्गात असतो तसा चढत गेला. शेळकीची टेकडी ही धरणाच्या पाण्यात शिरलेली. लहानपणी ती तिथं शेळ्या चारायला जायची. पण एका बाजूनं जमिनीची चिंचोळी वाट कायम उघडी असायची. तीन बाजूंनी पाणी आणि एका बाजूनं जमीन, म्हणजे द्वीपकल्प. म्हणून तिला ते कधी बेट वाटलंच नव्हतं. दरवर्षी फळ्यावर चारी बाजू लिहिताना ही चौथी बाजू तिच्या माहेरात कोरडी होती. ती या सप्टेंबरच्या पावसानं बुडाली. तोच सप्टेंबर, ज्याच्या चौकोनात मी 'बेटासाठी अत्यंत अयोग्य' असं लिहून आलो होतो.

"पण आपल्याला उष्ण कटिबंधातलं बेट पाहिजे होतं," मी म्हणालो. हरतानाही मी शास्त्र सोडत नाही.

"अहो, कर्कवृत्त भोपाळच्या वरून जातं. मग येलदरी काय शीत कटिबंधात आहे?"

सिद्धोधन जाळं विणत बसला होता. तो म्हणाला, "ताई, जायचं तर आजच चल. पाणी सोडायलेत. आठ-दहा दिसांत वाट पुन्हा उघडी पडती." म्हणजे ज्या गोष्टीसाठी मी चार महिने तक्ता रंगवला, त्या बेटाचा काळ पन्नास वर्षांतून एकदाच, तोही काही आठवडे. आणि आम्ही त्याच काळात तिथं येऊन बसलो होतो, चुकून.

होडीत बसायला मी नवी चड्डी घातली. एवढ्या हौसेनं घेतलेली, ती न घालता परत नेणं मला जमलं नाही. माझे पाय पाहून सासूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि तो बराच वेळ काढला नाही. होडी लहान होती. सिद्धोधन वल्हवत होता, सुकेशनी पुढच्या टोकाला ताठ बसली होती आणि मी मधे, दोन्ही काठ घट्ट धरून. मी पाणी आयुष्यभर मोजलं, पण ते मोजपात्रात असताना. इतकं पाणी खालून हलताना मला आवडत नाही, हे त्या दिवशी समजलं.

टेकडीवर बाभळी होत्या, शेळ्यांच्या लेंड्या होत्या आणि दोन बगळे होते. सिद्धोधन म्हणाला, "तासाभरात जाळी काढून येतो," आणि गेला. सुकेशनीनं चपला काढल्या. ती पाण्याच्या काठाशी उभी राहिली, पण हसली नाही. "चारी बाजूंनी आहे का, ते आधी बघा," ती म्हणाली. "अर्धवट बघून मला वर्गात बोलायचं नाही." सव्वीस वर्षांच्या खोट्यानंतर तिला ही बाब पक्की करून हवी होती.

निरीक्षक कोण होतं? मी निघालो. काठाकाठानं, पावलं मोजत. सत्तराव्या पावलाला एक चप्पल चिखलात राहिली. दोनशेला बाभळीचा काटा. तीनशे अकराला पाण्यातल्या दगडावर पाय ठेवला, तर दगडाखालून काहीतरी आलं आणि त्यानं माझा अंगठा असा धरला की मी अख्ख्या येलदरीला ऐकू जाईल असा ओरडलो. सुकेशनी धावत आली. मी एका पायावर नाचत होतो आणि दुसऱ्या अंगठ्याला खेकडा लोंबत होता. ताटाएवढा नव्हता. वाटीएवढा होता. पण चावण्यात कुठं कमी नव्हता.

तेव्हा ती हसली. खाली बसून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. खेकडा सोडवायचं सोडून हसली. जूनपासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं, आणि अंगठ्याची आग होत असतानाही मला इतका आनंद झाला की मीही हसायला लागलो.

लंगडत मी फेरी पूर्ण केली. "चारशे एकोणीस पावलं," मी सांगितलं. "चारी बाजूंनी पाणी. कोरडी जागा निरंक." म्हणजे बालाजीनं अर्जात लिहिलं होतं ते तसं बरोबरच होतं म्हणायचं. ती टेकडीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. बगळ्यांशिवाय ऐकायला कोणी नव्हतं. तरी तिनं मोठ्यानं म्हटलं, "ज्या भूभागाच्या चारी बाजूंनी पाणी असतं, त्याला बेट म्हणतात." आणि मग हळूच, "मी आहे आता इथं."

सिद्धोधन तासाभराऐवजी तीन तासांनी आला. जाळ्यात मासे बरे सापडले म्हणे. मधे पावसाची एक जोरदार सर येऊन गेली आणि आम्ही शिवाप्पांच्या छत्रीखाली बसलो. समुद्र राहिला, असं मी म्हटलं तर ती म्हणाली, "धड्यात चारी बाजूंनी पाणी एवढंच आहे. समुद्र पाहिला नाही, हे आता वर्गात सांगते."

बेटाचा धडा तिनं सुट्टीनंतर घेतला. नारळ नाहीत, बाभळी आहेत, असं सांगितलं. लाटा फार नाहीत, असंही सांगितलं. खेकड्याचं विचारल्यावर म्हणाली, "मागं सांगितलेला खेकडा खोटा होता. खरा खेकडा आमच्या सरांना चावला." पोरांनी लगेच विचारलं, "कोणत्या अंगठ्याला?" मला दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन डावा अंगठा दाखवावा लागला.

इथंच ही गोष्ट गोडीगुलाबीनं संपायला हरकत नव्हती. पण सहाव्या दिवशी आम्ही कॉलनीत परतलो तेव्हाचं सांगायचं राहिलं. फाटकापाशी शिवाप्पा, कस्तुराबाई आणि आणखी पाच-सात जण उभे होते. सुकेशनी "तुमीच सांगा" म्हणून सरळ आत गेली.

"कसं होतं अंदमान?" शिवाप्पांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. खरं सांगायचंच होतं. पण भिंतीवरचा तक्ता आठवला, दोन पानी खुलासा आठवला, गळ्यातले हार आठवले. "लय भारी," मी म्हणालो. "हवा?" "एकदम कोरडी." कस्तुराबाई माझ्या रापलेल्या तोंडाकडे पाहून म्हणाल्या, "खारा वारा लागलाय बघा." शिवाप्पांनी बाटली मागितली. बाटलीत येलदरीचं पाणी होतं, सहज म्हणून भरून घेतलेलं. "पिशवीतून काढून देतो" म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो आणि त्यात तीन चमचे मीठ टाकून हलवलं. सुकेशनी ओट्याशी उभी राहून बघत होती.

चौथ्या दिवशी शिवाप्पांची खाज गेली. ते सगळ्या गल्लीला पाय दाखवत फिरले. आता आणखी सहा जणांनी अंदमानच्या पाण्यासाठी नंबर लावला आहे, आणि बालाजीनं आस्थापना शाखेसाठी एक शंख सांगून ठेवला आहे.

कार्तिक पौर्णिमेला आम्ही विहारात गेलो. दोघं शेजारी, हात जोडून. पंचशील सुरू झालं. पहिलं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथ्याला सुकेशनीचा आवाज असा खणखणीत निघाला, की पुढच्या रांगेतल्या दोन बायांनी मागं वळून पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते आणि तोंडावर हसू होतं. इतक्या वर्षांत मी तिला इतकी सुखी पाहिली नव्हती.

मी मात्र तिथं जरा श्वास घेतला.